लॉज, स्टेशनपासून दोन मिनिटे

स्टेशनसमोरचे लॉज म्हणजे दोन गाड्यांमधला वेळ किरकोळ भावाने विकणारे दुकान. झोप, आंघोळ आणि दाराची कडी या गोष्टी त्यावर चकटफू मिळतात, आणि चकटफू मिळालेल्या गोष्टींबद्दल तक्रार करायची नसते. एवढे लक्षात घेतले की लॉजातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. काउंटरवरचा माणूस दचकून जागा झाला की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो आणि मग गिऱ्हाइकाकडे. खोलीत पलंग असतो, खुर्ची नसते. निवांत बसायला वेळ असलेला माणूस इथे उतरतच नाही.

महाराष्ट्रात हा धंदा रुळांच्या मागोमाग आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावली. तेवढ्यासाठी कोणी मुक्काम करत नाही. १८५८ मध्ये रूळ पुण्याला पोहोचले, १८६३ मध्ये बोरघाट पार झाला, आणि अवेळी उतरणारा प्रवासी ही नवी जमात तयार झाली. त्याआधी माणूस शक्यतो दिवसाउजेडी वाट चालायचा आणि अंधार पडला की देवळात, चावडीवर नाहीतर धर्मशाळेत पथारी टाकायचा. आगगाडी रात्री पावणेतीनलाही उतरवते. १८६७ साली इंग्रज सरकारने सरायांसाठी एक कायदा केला. सरायवाल्याने खोल्या आणि मोऱ्या स्वच्छ ठेवाव्यात, भिंती-छपरांची डागडुजी करावी, पहारेकरी नेमावेत आणि भाड्याचा तक्ता दर्शनी जागी लावावा, असे त्यात सांगितले होते. यातले तक्त्याचे कलम आजही पाळले जाते. तक्ता लॉजवाल्याच्या डोक्यामागे असतो, आणि त्याचा रंग पाहता तो १८६७ सालीच लावला असावा.

पुणे स्टेशनची सध्याची इमारत १९२५ ची. तिच्यासमोरचा रस्ता जिवंतपणी ओलांडता आला, तर विल्सन गार्डनची गल्ली लागते. नावात बाग असली तरी गल्लीत फुलतात त्या लॉजांच्या पाट्या. ‘स्टेशनपासून दोन मिनिटे’ हे वाक्य अशा पाट्यांवर देशभर आढळते. ही दोन मिनिटे कोणाच्या चालीने मोजलेली असतात ते लिहिलेले नसते. दोन्ही हातांत बॅगा, काखेत बिछाना आणि मागे ‘अरे, जरा हळू’ म्हणणारी आई धरली, तर सात. रिक्षाने गेल्यास पंधरा, कारण रिक्षावाला आधी ज्या लॉजात त्याचे कमिशन ठरलेले आहे तिथे नेतो. ते कमिशन पुढे खोलीच्या भाड्यातून वसूल होते. त्यामुळे पायी येणाऱ्या माणसाला खोली थोडी स्वस्त मिळू शकते. मात्र तो घामाघूम झालेला दिसत असल्याने ‘एसी देऊ का?’ हा प्रश्न त्यालाच आधी विचारला जातो.

मराठी प्रवाशापुरते बोलायचे तर लॉजचा खरा प्रतिस्पर्धी शेजारचे लॉज नव्हे, तर कोथरूडची मावशी. मावशीकडे उतरणे फुकट, हा हिशेब वरवरचा आहे. स्टेशन ते कोथरूड रिक्षा, अर्धा किलो पेढे, दुसऱ्या दिवशी परत स्टेशनपर्यंत रिक्षा, आणि मधल्या काळात ‘नोकरीचं काय झालं?’, ‘मग यंदा उडवायचा का बार?’ आणि ‘आमच्या बंड्याने फ्लॅट घेतला, तुला कळलं असेलच’ या तीन विषयांवर तोंडी परीक्षा. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायची तर मावशी पाचलाच उठून डबा करते, त्याचे ओझे वेगळे. लॉजात यातले काहीच नसते. पण तिथे उतरल्याचे मावशीला कळता कामा नये, आणि ते कळतेच. ‘आमचं घर काय ओस पडलं होतं का रे?’ हे वाक्य पुढची दहा वर्षे प्रत्येक लग्नकार्यात ऐकावे लागते. लॉजचे भाडे काढताना ही रक्कम धरायची प्रथा नाही.

काउंटर हा लॉजचा गाभारा. वर साईबाबा किंवा गणपती, त्याभोवती पळणारे रंगीत दिवे, खाली विझलेली उदबत्ती, बाजूला कालनिर्णय आणि मध्ये लांबलचक रजिस्टर. नाव, वय, पत्ता, कोठून आला, कोठे जाणार, येण्याचे कारण असे रकाने त्यात आखलेले असतात. शेवटच्या रकान्यात पहिल्या पानापासून सगळ्यांनी ‘खाजगी काम’ लिहिलेले असते. एखादा प्रामाणिक माणूस ‘मेव्हण्याला समजावणे’ असे लिहू लागला, तर मॅनेजर त्याला वरच्या ओळीकडे बोट दाखवून वळण लावतो. मग आधार कार्डाची झेरॉक्स. झेरॉक्सचे दुकान शेजारीच असते आणि सकाळी नऊला उघडते. गावातल्या माणसाला बहुतेक लॉजवाले खोली देत नाहीत. ‘लोकल आधार चालत नाही’ असे स्पष्ट सांगतात. किल्ली घरात राहून दार ओढले गेलेल्या पुणेकराला त्यामुळे पुण्यात खोली मिळणे कठीण, पण सोलापुरात सहज मिळते. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये भरून २४ तासांत कळवावी लागते. हा खटाटोप नको म्हणून लहान लॉज गोऱ्या माणसाला पाहताच भरलेले असते.

भाड्याची बोलणी उभ्यानेच होतात. हजार रुपयांच्या आतल्या खोलीवर पूर्वी जीएसटी नव्हता; १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्के झाला. काउंटरवर हा सगळा इतिहास ‘बिल पाहिजे का?’ एवढ्या तीन शब्दांत आटोपतो. नको म्हटले की मॅनेजरचा चेहरा उजळतो. हवे म्हटले की बिलबुक शोधण्यासाठी मालकाला फोन जातो.

यानंतर येतो चेक-आऊटचा प्रश्न, आणि इथेच लॉजचे तत्त्वज्ञान खऱ्या अर्थाने कळते. मोठ्या हॉटेलात दुपारी बारा ही सीमारेषा असते. ती स्टेशनसमोर चालत नाही. पहाटे पाचला उतरलेल्या माणसाला सात तासांत दुसऱ्या दिवसाचे भाडे लागू झाले, तर तो फलाटावरच पेपर अंथरून पडेल. म्हणून जुन्या लॉजात २४ तासांचा हिशेब. आलेली वेळ रजिस्टरात मिनिटासकट लिहितात. पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी आलेल्याने दुसऱ्या दिवशी चार चाळीसपर्यंत जावे. बहुतेक गिऱ्हाइके रात्री आठला निघून जातात आणि उरलेले साडेआठ-नऊ तास वसूल न झाल्याची रुखरुख गाडीत बाळगतात. मॅनेजर तेवढ्यात तीच खोली दुसऱ्याला देतो. एका दिवसात चोवीसच तास असतात हा समज या धंद्याबाहेरच्या लोकांचा आहे.

रेल्वेच्या घड्याळामुळे लॉजवाल्याला एक खास गिऱ्हाईक मिळते. तिकिटावर १५ तारीख आणि ००.१० ही वेळ छापलेली असते. ही गाडी १४ च्या रात्री, जेवून-खाऊन स्टेशनवर जाऊन पकडायची असते. पण १५ तारीख म्हटल्यावर माणूस १५ ला दिवसभर शांतपणे बांधाबांध करतो, शेजाऱ्यांचा निरोप घेतो आणि रात्री साडेअकराला फलाटावर हजर होतो. गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. असा माणूस लॉजच्या पायऱ्या चढू लागला की मुरलेल्या मॅनेजरला तो लांबूनच ओळखू येतो: हातात तिकीट, तोंडात ‘असं कसं, असं कसं’, आणि मागे काही न बोलणारी बायको. अशा वेळी मॅनेजर घासाघीस करत नाही. ‘डबल देतो, साहेब. काल पण एक फॅमिली होती,’ असे म्हणून तो किल्ली काढतो. काल एक फॅमिली होती या बातमीने साहेबांना फार धीर येतो. मागच्या बाईंना येत नाही.

किल्लीला पितळी बिल्ला किंवा लाकडाचा ठोकळा असतो, तो खिशात मावू नये एवढ्या बेताचा. दाराला तीन कड्या असतात. एक मूळची, दुसरी ती मोडल्यावर बसवलेली, तिसरी दुसरीवर विश्वास नसलेल्या सुताराने लावलेली. त्यांतली वरची लागते. आत बटणांची पाटी आणि तिच्यावर नऊ बटणे. पहिले दाबल्यावर काहीच होत नाही, दुसऱ्याने बाथरूममध्ये दिवा लागतो, तिसऱ्याने बाहेर बोळात कोणीतरी ‘ए!’ म्हणून ओरडते. पंख्याचा रेग्युलेटर एकपासून पाचपर्यंत फिरतो. पंखा मात्र बंद आणि पाच एवढेच जाणतो. उशीखालच्या सोलापुरी चादरीवर लॉजचे नाव विणून घेतलेले असते, म्हणजे ती कोणी नेली तरी जाहिरात होते. आरशाच्या कडेला टिकल्या: मोठी मरून, चमचम करणारी लांबट, बारीक काळी, आणि एक अर्धचंद्र. मुंबईला दवाखान्यात जाणाऱ्या, पोराला कॉलेजात सोडायला आलेल्या, लग्नाला निघालेल्या बायांनी रात्री तोंड धुताना काढून लावलेल्या आणि पहाटेच्या घाईत विसरलेल्या. खोल्या पुसणारा पोऱ्या आरसा पुसतो तो टिकल्या चुकवून. लॉजच्या रजिस्टरपेक्षा हे रजिस्टर अधिक खरे आहे. यात कोणीही ‘खाजगी काम’ लिहिलेले नाही.

साध्या खोलीत आणि डीलक्समध्ये फरक असतो. डीलक्समध्ये बर्फाच्या डोंगराचे चित्र असते. एसी आणि नॉन-एसी या बऱ्याचदा एकच खोली. जादा पैसे मोजले की खालून स्विच चालू होतो. टीव्हीचा रिमोट काउंटरवर मागावा लागतो. त्याचे मागचे झाकण केव्हाच गेलेले असते आणि सेल रबरबँडने धरून ठेवलेले असतात.

गरम पाण्याची वेळ सहा ते आठ. पाण्याची वाट बघताना करायची बादलीची कसरत नवख्याला जमत नाही. नळ सोडून बोट धरायचे, गार पाणी वाहू द्यायचे, कोमट आले की बादली सरकवायची, आणि वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडायच्या आत ती भरायची. सव्वासातची गाडी असलेल्यांनी साडेसहाला सुरुवात केली तर त्या वेळी सगळ्या मजल्यांवर सव्वासातचेच लोक असतात. पाण्याचा जोर तळमजल्याला जास्त, म्हणून जुना जाणता प्रवासी तळमजल्याची खोली मागतो आणि डास सोसतो.

रात्रीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती फारशी होत नाही. फलाटावरची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. गाडी किती उशिराने धावत आहे हे पहिल्या भाषेत कळते, दिलगिरी दुसऱ्या भाषेत, आणि तिसऱ्या भाषेपर्यंत माणूस पूर्ण जागा झालेला असतो.

लॉजातले लोक गावाप्रमाणे बदलतात. पुण्यात स्पर्धा परीक्षेचे केंद्र गाठायला आलेली मुले, एका खोलीत पाच जण. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आसपास मंत्रालयातल्या फाईलमागे आलेले. त्यांची खोली एका रात्रीची असते आणि मुक्काम फाईलवर अवलंबून असतो. औषध कंपन्यांचे एमआर सगळीकडे. त्यांना खोलीचा नंबर पाठ असतो आणि चहा न मागता येतो. मिरजेत मात्र रुग्णांचे नातेवाईक. दवाखान्यांच्या या गावात कर्नाटकातूनही माणसे उपचारांना येतात, आणि तिथले मॅनेजर भाड्याआधी ‘पेशंट कसा आहे?’ विचारतात, तेही कानडीत. तिथे घासाघीस कमी होते. मुंबईत टाटा रुग्णालयात आलेल्यांना दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आधार देते. तिथे जागा नसेल तेव्हाच लोक लॉजचा जिना चढतात.

ऑनलाइन बुकिंगने या धंद्यात नवा विनोद आणला. मोबाईलवरच्या फोटोतली खोली रुंद असते, पडदे निळे असतात आणि पलंगावर टॉवेलचा हंस असतो. पैसे भरून माणूस पोहोचतो तेव्हा मॅनेजर चष्मा वर करून मोबाईल बघतो आणि म्हणतो, ‘हे आमच्याकडे आलंच नाही अजून.’ मग ‘आलं’ असे कळते, पण ‘त्या रेटमध्ये परवडत नाही’ असेही कळते. हंसाबद्दल विचारल्यास तो पोऱ्या गावी गेला आहे.

रेल्वेच्या स्वतःच्या विश्रामकक्षांना या सगळ्यात धरता येत नाही. तिथे तिकिटाचा पीएनआर लागतो आणि पुष्कळदा जागा नसते. २०२१ मध्ये मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेल सुरू झाले. त्यात माणूस कप्प्यात झोपतो. जिथे सामान पलंगाखाली, बायको पलंगावर आणि मेव्हणा गादीवर अशी व्यवस्था हवी असते, तिथे ते उपयोगाचे नाही.

निघताना डिपॉझिट परत मिळते. मॅनेजर आधी पोऱ्याला वर पाठवतो. पोऱ्या चादर, टॉवेल आणि बादली मोजून जिन्यातूनच ‘ठीक आहे!’ ओरडतो. मग दोनशे रुपयांतून चार चहा, एक पाण्याची बाटली आणि रात्री मागवलेली मच्छर अगरबत्ती वजा होते. गाडीला बारा मिनिटे उरलेली असतात. मॅनेजर गल्ला उघडतो, बंद करतो, खालचा खण उघडतो, गणपतीमागे हात घालतो आणि सांगतो की सुट्टे नाहीत, पुढच्या खेपेला आलात की वळते करून घेऊ, नाव लिहून ठेवतो.