बोलकी गोळी, मुकी गोळी

अमेरिकेत गोळी बोलते. गुलाबी गोल गोळीच्या एका बाजूला 'ल्युपिन' आणि दुसऱ्या बाजूला '10' दिसलं, की समजायचं: रक्तदाबावरची लिसिनोप्रिल, 10 मिलिग्रॅम, आणि कंपनी आपल्या मुंबईची. डबी बदलली, चिठ्ठी हरवली, पोराने दोन गिळल्या, तरी उरलेली गोळी साक्षीला हजर! तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने 1993 साली नियम केला आणि 1995 पासून तो लागू झाला. छाप, रंग आणि आकार पाहून औषध कोणतं आणि कंपनी कोणती, हे कळलंच पाहिजे.

कधीकधी साक्ष जुनी निघते. आयब्युप्रोफेनच्या काही गोळ्यांवर 'आयपी' असतं. ही इंटरफार्म या कंपनीची खूण. कंपनीचा धंदा 2008 साली ॲम्नील या दुसऱ्या कंपनीने घेतला, पण खूण तशीच राहिली. सातबाऱ्यावर अजून आजोबाच, फेरफार बाकी!

आपल्याकडे अशी सक्ती नाही. औषधाचं नाव, बॅच, मुदत, परवाना, सगळं स्ट्रिपवर. आणि स्ट्रिप मेडिकलवाल्याच्या कात्रीखाली. चार गोळ्या मागितल्या, की नाव एकाच्या वाट्याला आणि मुदत दुसऱ्याच्या. नशीब जोरावर असेल तर 'मार्केटेड बाय' हाती लागतं. गोळी बनवली कुणी, ते दुकानातच राहतं. मग आजी चक्कर येऊन पडल्या आणि डॉक्टरांनी विचारलं, काय घेतात, तर घरातून एकमुखी उत्तर येतं: "पांढरी. सकाळची."

सरकार स्वस्थ बसलेलं नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडना क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा झाला. स्ट्रिपवर जागा पुरत नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर छापला तरी चालतो. खोकं मेडिकलमध्ये, स्ट्रिपचा तुकडा आपल्या खिशात. स्कॅन करा हवं तेवढं!

छापाचीही नक्कल होते, असं कुणी म्हणेल. होतेच. मॅलिनक्रॉट कंपनीच्या ऑक्सिकोडोन या वेदनाशामक गोळीवरचा 'एम' आणि '30' हा छाप मारून अमेरिकेत फेंटानिलच्या नकली गोळ्या विकल्या जातात, आणि त्या जीव घेतात. म्हणजे छाप पाहून गोळी अस्सल ठरत नाही. पण तो दावा कुणी केलाय? अस्सल गोळी घरातल्या डब्यात सुटी पडली, तर ती कोणती एवढं तरी कळावं, इतकीच मागणी आहे.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. भारतातल्या कारखान्यांतून अमेरिकेला जाणाऱ्या गोळ्यांवर अक्षरं कोरलेलीच असतात. साचे इथले, यंत्रं इथली, कामगार इथले. वाचता येणारी गोळी मिळायला फक्त गिऱ्हाईक तिथलं असावं लागतं.