यीस्टवाले सर

लग्नाचं आमंत्रण आवर्जून द्यावं, पण जेवताना त्यांच्या शेजारची खुर्ची टाळावी, अशी काही माणसं असतात. यीस्टवाले सर त्यांतले. खूण सोपी: शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टूथपिकची डबी. दात कोरायला नव्हे. एका बशीतली यीस्टची वसाहत टूथपिकच्या टोकाने उचलायची आणि दुसऱ्या बशीत टेकवायची, यात उभी नोकरी गेली. आता निवृत्त झाले, पण हात सुटलेला नाही. पानातलं लोणचंसुद्धा ते टोचून उचलतात आणि मिठाशेजारी अलगद टेकवतात.

"यीस्ट म्हणजे पावातलं ना हो?" असं नवख्या माणसाने विचारलं की जिलबी येईपर्यंत सुटका नाही.

"पावातलंच. पण त्याचं लग्न होतं! नर-मादी म्हणू नका हं. ए आणि अल्फा. दिसायला दोघं सारखेच. एकाला दुसऱ्याचा वास लागला की त्या दिशेने नाक काढतो. त्याला श्मू म्हणतात." इथे ते हळूच नवऱ्यामुलाच्या मित्राकडे बोट दाखवतात. तो करवलीच्या दिशेने मान लांबवून उभा असतो. "बघा, श्मू."

मग कॅसेट. यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्राच्या मधोमध टेपरेकॉर्डर, आणि दोन्ही टोकांना कपाटात कुलूपबंद एकेक कॅसेट: डावीकडे अल्फा, उजवीकडे ए. मध्ये जी वाजते तेवढीच पेशीची जात. एचओ नावाचं एन्झाइम मधली टेप कापतं आणि पेशी कपाटातल्या दुसऱ्या कॅसेटची नक्कल तिथे भरते. मूळ कॅसेट कपाटातच. १९७७ची ही कल्पना सरांना तोंडपाठ आहे. अडचण एवढीच, की पंक्तीतल्या निम्म्या मुलांनी कॅसेट पाहिलेलीच नाही.

कपाटातल्या कॅसेटी गप्प का? इथे सरांचा आवाज चढतो, कारण त्यांना गप्प ठेवणाऱ्या प्रथिनांचं नावच मुळी सर. एस-आय-आर. एकूण चार. सर वर्गात आहेत तोवर दोन्ही टोकं चिडीचूप. सर गेले की ए आणि अल्फा एकदम बोलायला लागतात, मग पेशीला आपण कोण तेच कळत नाही आणि तिचं लग्न काही जमत नाही. आमच्या सोसायटीतही तसंच आहे. सर जिन्यात दिसले की बोलणारेच गप्प होतात आणि दारं लावून घेतात.

परवा एका लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिलं. नवरीच्या आईने डोळे पुसले. सर वाकून म्हणाले, "वहिनी, रडू नका. तुम्ही म्हणता मुलगी सासरी बदलते. यीस्टमध्ये नवी मुलगी बदलतच नाही. एकदा बाळंत झालेली आईच बदलते." वहिनींनी पदर खाली घेतला आणि सरांकडे बघितलं. हे शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे, असं मी मध्ये पडून सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही.

अमर क्लार यांचं नाव निघालं की मात्र सर हळवे होतात. भारतात जन्मलेल्या या माणसाने अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला ही अदलाबदल उलगडण्यात मोठा वाटा उचलला. पुढे त्यांना डोक्यावरच्या भोवऱ्यांचा नाद लागला. गर्दीत जाऊन ते लोकांचे भोवरे बघत. २००३ साली त्यावर निबंध लिहिला: बहुतेकांचा भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, डावखुऱ्यांत साधारण निम्मे-निम्मे. तेव्हापासून सरही मंडपात पाठीमागून फिरतात. परवा ते नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या टाळूवर वाकलेले पाहून आजींनी धास्तीने विचारलं, "दोन आहेत का हो? दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं!"

"एकच आहे आजी. उजवा."

आजींचा जीव भांड्यात पडला. सरांनी मात्र वही काढून नोंद केली.

घर तेच, स्कूटर तीच, बोलणं तेच. मी एकदा विचारलं, सर, तुम्ही कधी बदलणार? ते म्हणाले, प्रयोगशाळेतल्या बहुतेक यीस्टचं एचओ जनुक बिघडलेलंच असतं. म्हणून तर ते वर्षानुवर्षं बशीत ठेवता येतं.