सातवी पिढी

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, असं माझा लॅपटॉप मला महिनोन्‌महिने बजावत होता आणि मी प्रत्येक वेळी त्याला 'नंतर आठवण करा' असं सांगून वाटेला लावत होतो. विंडोज ११ बाजारात आली २०२१ मध्ये. पण घाईगर्दीने निर्णय घ्यायचा आमच्या घराण्यात रिवाज नाही. विंडोज एक्सपीची मुदत २०१४ च्या एप्रिलात संपली, तरी मी ती इतकी जपली होती की शेवटी दुरुस्तीवाला लॅपटॉप उघडण्याआधी चप्पल काढायचा.

या वेळी मात्र मी शिस्तीत वीजबिलाच्या मागे हरकती लिहून काढल्या. एक तर १९९५ पासून (मधला विंडोज ८ चा चमत्कारिक काळ सोडला तर) डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्टचं बटण यांनी मधोमध आणून ठेवलंय. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेले माझे जुने लेख नव्या घरात अक्षरओळख विसरले तर काय, ही दुसरी काळजी. आणि आमचा प्रिंटर, जो सध्या केवळ माझ्या विनवण्यांवर चालतो, तो नव्याची भाषा ऐकेल याची खात्री कोण देणार? बाजूने मुद्दा एकच होता. अपग्रेड फुकट होतं.

मी विरघळलो.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. "मामा, आधी पीसी हेल्थ चेक चालवा," तो म्हणाला. चालवलं, तर कळलं की टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय बंद आहे आणि ती चालू करायची तर बायॉसमध्ये शिरावं लागेल. शिरायचं म्हणजे लॅपटॉप सुरू होताना, कंपनीचं चिन्ह दिसून नाहीसं व्हायच्या आत एफ-टू दाबायचं. ते शोधेपर्यंत चिन्ह गेलं, मग घाईत आवाज वाढला, मग स्क्रीन काळोखी झाली, मग मी चष्मा बदलला, आणि चहा घेऊन आलेल्या सौ.ने "अजून सुरूच होतोय का?" असं विचारत एका बोटाने ते दार उघडून दिलं. टीपीएमसमोर हिरवी खूण आली. सिक्युअर बूटसमोर हिरवी खूण आली. प्रोसेसरसमोर लाल फुली.

"मामा, इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. तुमचा सातव्या पिढीतला आहे."

म्हणजे जी मुलगी करावी की नाही यावर मी महिनोन्‌महिने खल करत होतो, तिच्याकडच्यांनी आमची पत्रिका केव्हाच परत पाठवली होती.

नवा लॅपटॉप घ्यायचा नसेल तर सुरक्षेची अपडेट्स आणखी वर्षभर मिळतात, असं भाच्याने सांगितलं: ३० डॉलर भरा, किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट खर्चा, नाहीतर संगणकाच्या सेटिंग्ज ऑनलाइन खात्याशी जोडून ठेवा आणि फुकट घ्या. मी काय निवडलं हे सांगायला नको. पण खात्याचा पासवर्ड आठवेना, आणि तो बदलण्याचा कोड गेला माझ्या जुन्या सिमवर, जे आता सासूबाईंच्या फोनमध्ये नांदतं. त्यांना फोन केला, अजीजीने आकडे मागितले.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "बँकवाले सांगतात, असला नंबर कुणालाही सांगायचा नाही."

आणि फोन ठेवला.

पुढे त्यांच्या लेकीने मध्यस्थी केली, मी खरोखर मीच असल्याची ग्वाही दिली, तेव्हा कुठे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय पदरात पडली. तुमच्याकडे अजून विंडोज १० असेल, तर वीजबिलामागे हरकती लिहिण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोसेसरची पिढी तेवढी बघून घ्या. आणि तुमचं जुनं सिम कोणाकडे आहे, तेही.