केप्लरच्या आईची भानगड

"सख्ख्या शेजारणीनं चेटकीण ठरवलं हो तिला!"

"अगंबाई! कुणाला, काकू? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या…"

"छे गं! जर्मनीतल्या लेओनबर्गची गोष्ट. साल 1615. कॅथरिना केप्लर. म्हातारी सत्तरीला टेकलेली, नवरा लढाईवर गेला तो कधीचाच बेपत्ता. आणि मुलगा कोण, तर योहानेस केप्लर!"

"दहावीच्या पुस्तकातला? आमचा धाकटा घोकत होता त्याचे नियम."

"तोच. सम्राटाचा गणिती."

"मग त्याच्या आईवर आळ घ्यायची कुणाची छाती झाली?"

"उर्सुला राइनबोल्ड. काचकाम करणाऱ्याची बायको. म्हणे, कॅथरिनाच्या घरी काहीतरी प्यायले नि तेव्हापासून दुखणं मागे लागलं. तिनं तोंड उघडलं मात्र, गावात ज्याला त्याला काहीबाही आठवायला लागलं. विटा घेऊन चाललेल्या एका पोरीला म्हातारीचा वाटेत हात लागला आणि तिचा हातच लुळा पडला म्हणे. शाळामास्तर म्हणाला, तिच्याकडचं पेय प्यालो नि पायानं अधू झालो."

"सगळ्यांना एकदमच कसं आठवलं?"

"असंच आठवतं. बरं, म्हातारीही काही गरीब गाय नव्हती. झाडपाल्याची औषधं द्यायची, तोंडाची फटकळ. त्यात प्रकरण मिटवायला गावच्या दंडाधिकाऱ्याला चांदीचा पेला देऊ केला."

"अय्या, लाच?"

"लाच! त्याहून कहर म्हणजे, कबर खणणाऱ्याला म्हणाली होती, माझ्या वडिलांची कवटी काढून दे, चांदीनं मढवून तिचा पेला करायचाय."

"शी! काहीतरीच!"

"मग काय, लोकांना आयतंच मिळालं. 1620 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री तिला लेकीच्या घरातून पेटीत घालून उचलून नेलं. पुढे चौदा महिने कैदेत, साखळदंड घालून."

"आणि हा मुलगा? ग्रहच बघत बसला होता?"

"बघत होता की. कुठल्या ग्रहाला सूर्याभोवती फिरायला किती काळ लागतो आणि तो सूर्यापासून किती लांब आहे, याचा मेळ घालणारा तिसरा नियम त्याला 1618 च्या मे महिन्यात सापडला. इकडे गावात आईच्या नावानं कुजबुज चालूच होती. पण तिला धरल्यावर मात्र हातातली कामं टाकून आला आणि खटला स्वतः अंगावर घेतला. शंभरावर पानांचा बचाव लिहून काढला."

"चेटूकबिटूक सगळं थोतांड आहे म्हणून?"

"तिथेच तर गंमत आहे. चेटकिणी नसतातच, असं काही तो म्हणाला नाही. त्यानं एकेक साक्ष उलटीपालटी करून पाहिली. कोण, कधी, काय म्हणालं? आज एक नि उद्या भलतंच का? उर्सुला तर आधीपासूनच आजारी होती, कडक औषधं घेत होती. पोरीचा हात विटा वाहून भरून आलेला. आणि मास्तरानं ओझ्यासकट चर ओलांडायला उडी मारलेली!"

"एवढं साधं?"

"साधं वाटतं खरं. मंगळाच्या बाबतीतही त्यानं हेच केलं होतं. आकाश न्याहाळणाऱ्या टायको ब्राहेच्या नोंदी आणि ह्याचं गणित यांत आठ कलांचा फरक पडत होता. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. दुसऱ्या कुणी 'चालायचंच' म्हणून सोडून दिलं असतं. ह्यानं ग्रहांच्या कक्षेचं दोन हजार वर्षं चालत आलेलं वर्तुळच मोडीत काढलं आणि 1609 मध्ये लंबवर्तुळ मांडलं. आठ कला ज्यानं सोडल्या नाहीत, तो शेजारणीची थाप सोडतोय होय?"

"मग सुटली का ती?"

"सुटली, पण कशी! ट्युबिंगेनच्या कायदेपंडितांनी तोडगा काढला, की छळायची हत्यारं नुसती दाखवा, भ्यायली तर कबूल करेल. 1621 चा सप्टेंबर. म्हातारी बधली नाही. सोडून दिलं, पण पुढच्या एप्रिलात बिचारी गेलीच."

"आणि मुलाच्या जिवाला काय वाटलं असेल!"

"त्याला तर वाटायचं, थोडा दोष आपलाच. त्यानं चंद्रावरच्या सफरीची एक गोष्ट लिहिली होती. आपल्याला इथे बसून पृथ्वी फिरतेय हे कळत नाही, चंद्रावर उभं राहिलं तर दिसेल, हे लोकांच्या गळी उतरवायला. पण गोष्टीतल्या नायकाची आई जडीबुटी विकणारी, भुताखेतांना बोलावणारी! हस्तलिखित हातोहात फिरलं. त्यावरूनच अफवेला जोर आला, असं तो म्हणायचा."

"घ्या! पण त्याच्यानंतर तरी हे थांबलं ना?"

"कुठलं! न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा ग्रंथ 1687 चा. त्याला जवळपास शंभर वर्षं होत आली, तेव्हा 1782 साली स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुसला आना गोल्डी या मोलकरणीचं मुंडकं उडवलं. मालकाच्या मुलीच्या दुधात टाचण्या निघाल्या म्हणून. कागदावर विषप्रयोग, मनात चेटूक. ती निर्दोष होती हे तिथल्या विधिमंडळानं 2008 मध्ये मान्य केलं. त्याच वर्षी आपलं पहिलं चांद्रयान उडालं. आणि महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला 2013 मध्ये."

"म्हणजे आधी यान, मागून कायदा?"

"ग्रह कसे फिरतात ते पाठ करता येतं गं. पण समोरची बाई रंगात येऊन सांगत असताना 'तू स्वतः पाहिलंस का?' असं तिला विचारायला धीर लागतो."

"मग विचारतेच, काकू. ते कवटीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खटल्याचे कागद आहेत, बाई! स्टुटगार्टच्या दप्तरखान्यात जपून ठेवलेत. जा, बघून ये."