घरबसल्या फौजदार

घरबसल्या फौजदार ही पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, विशेषतः बारामती आणि इंदापूर तालुक्यांत, गेल्या काही वर्षांत दिसू लागलेली, गुन्ह्यांच्या तपासाचे व्हिडिओ गेम खेळणारी मनुष्यजात आहे. वय साधारण अठरा ते तीस. बारामतीत तिचा मुक्काम विद्यानगरीच्या आसपास कॉट बेसिसवर घेतलेल्या खोल्यांत आणि एमआयडीसीतल्या पोरांनी मिळून भाड्याने घेतलेल्या फ्लॅटांत असतो. इंदापुरात उसाच्या कडेला बांधलेल्या घराच्या माडीवर. दिवसा ती चारचौघांसारखीच दिसते. रात्री अकरानंतर खोलीतला दिवा बंद, कानाला हेडफोन आणि लॅपटॉपच्या पडद्यावर धो धो पाऊस असेल, तर नमुना सापडला असे समजावे.

पाऊस या प्रकरणात महत्त्वाचा. १९४०च्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेपटांनी रात्र, ओले रस्ते, सिगारेटचा धूर आणि हॅट घातलेला एकटा डिटेक्टिव्ह असा सरंजाम जमवला होता. व्हिडिओ गेमवाल्यांनी तो बिऱ्हाडासकट उचलला. इकडे बारामती-इंदापूर पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याची मर्जी असेल तर. ‘हेवी रेन’ या २०१०च्या खेळात पाऊस थांबायचे नाव घेत नाही. खुनी पावसाच्याच पाण्यात मुलांना बुडवतो, म्हणून प्रसंगाच्या आरंभी आजवर किती इंच पडला ते पडद्यावर लिहून येते. परदेशी खेळाडूच्या अंगावर त्या आकड्याने काटा येतो. जुलै-ऑगस्टमध्ये डोळे उघडल्याबरोबर ‘उजनी धरण किती टक्के?’ असे विचारणाऱ्या इंदापूरकराला मात्र आधी बरे वाटते. पोराचा जीव टांगणीला आहे हे त्याला मागाहून आठवते.

हौस तशी वारशाने आलेली. आजोबांनी वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड आणून फडशा पाडलेला असतो, वडिलांनी सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी, आणि आजीने १९९८पासून ‘सीआयडी’तल्या शिवाजी साटमांच्या बोटांकडे पाहत भाजी निवडलेली असते. मात्र पुस्तकात चुकीच्या माणसावर संशय घेतला तरी वाचकाचे काही बिघडत नाही. गेममध्ये ती चूक खेळणाऱ्याच्या नावावर पडते, आणि ओढ लागते ती तिथेच.

‘एल. ए. न्वार’ (२०११) हा या जातीचा आद्यग्रंथ. १९४७चे लॉस एंजेलिस, कोल फेल्प्स नावाचा तरुण पोलीस, हातात वही. नटांचे चेहरे ३२ कॅमेऱ्यांनी चारी बाजूंनी टिपलेले, त्यामुळे साक्षीदाराने नजर चुकवली, आवंढा गिळला, ओठ दाबला की ते दिसते. मग खरे, शंका किंवा खोटे यांपैकी एक निवडायचे. खोटे म्हटले तर पुरावा पुढे ठेवायचा. ‘शंका’ हे बटण भिडस्त माणसाने जपून दाबावे. आपण नम्रपणे शंका घेतली अशा समजुतीत खेळाडू असतो आणि तिकडे फेल्प्स एखाद्या शोकाकुल विधवेवर खेकसतो. पुढे जाऊन (खेळ अजून संपवला नसेल त्यांनी हे वाक्य सोडून द्यावे) एकामागून एक ज्यांना खुनी म्हणून आत टाकले ते खुनी नव्हतेच, असे निघते. या धक्क्यानंतर घरबसल्या फौजदार दोन दिवस जेवणावर लक्ष देत नाही. त्याचे कुठेतरी जमले असावे, असा घरच्यांचा तर्क होतो.

आता या ओढीचे मूळ कारण. गावात रहस्य असे काही उरलेले नसते. बांध अर्धा फूट कोणी सरकवला, विहिरीवरची केबल कोणी कापून नेली, कारखान्याच्या निवडणुकीत कोण कोणत्या पॅनेलच्या गाडीत रात्री बसला, हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. ठाऊक असून विचारता मात्र येत नाही. पुढच्याच महिन्यात त्याच भावकीत लग्न असते आणि मांडवात शेजारी बसायचे असते. त्यामुळे बांध सरकवणाऱ्याला चहा पाजून ‘यंदा ऊस जोरात आहे’ एवढेच म्हणावे लागते. गेममधल्या त्या काळोख्या शहरात उलटे आहे. तिथे कोणालाच काही ठाऊक नसते, पण विचारणे हीच नोकरी असते. टेबलावर मूठ आपटली तरी कोणाची सोयरीक मोडत नाही. तपासापेक्षा या मोकळीकीची भूक मोठी आहे.

इंदापूरकडच्या नमुन्याला वेळही वीज मंडळ पुरवते. शेतीच्या थ्री फेजची पाळी रात्रीची असली की लाइट येईपर्यंत जागे राहणे भागच असते. पायात गमबूट, कोपऱ्यात खोरे आणि बॅटरी, मांडीवर लॅपटॉप; संशयिताच्या तोंडून शेवटचा शब्द निघणार एवढ्यात खालून वडील ओरडतात, ‘आली रे, ऊठ, दारं धर!’ लॉस एंजेलिसचा खुनी तसाच खुर्चीत बसून राहतो आणि फौजदार उसाच्या सरीत उतरतो.

बारामतीच्या नमुन्याला नुसत्या बोलण्याचे गेम जास्त आवडतात. शब्दांच्या कोड्यात रमण्याची खोड या गावाला जुनीच म्हणायची. ओठाला ओठ न लागता म्हणता येईल असे रामायण रचणारे मोरोपंत इथलेच. २०१९चा ‘डिस्को इलिसियम’ त्याला गिळून टाकतो. त्यात दहा लाखांहून अधिक शब्द आहेत आणि नेहमीची मारामारी जवळपास नाही. नायक दारू पिऊन स्मृती गमावलेला पोलीस. त्याच्या डोक्यातले चोवीस गुण त्याच्याशीच हुज्जत घालतात, म्हणजे ग्रामसभा कवटीतच भरलेली. छताच्या फिरत्या पंख्याला अडकलेला टाय काढायच्या नादात हृदय बंद पडून खेळ पहिल्याच खोलीत संपू शकतो. असा दुबळा, कफल्लक, सगळ्यांकडून बोलणी खाणारा नायक बेरोजगार पदवीधराला जवळचा वाटतो, याचे नवल वाटू नये.

या जातीचा नैसर्गिक शत्रू आई. सकाळी ती माडीवर येते, चार्जरला हात लावून पाहते, चहाचे दोन कप उचलते, पोराच्या डोळ्यांकडे एकदा बघते आणि विचारते, ‘कितीला झोपलास?’ ‘साडेअकराला’ या उत्तरावर ती तीनपैकी कोणतेही बटण दाबत नाही. नुसती उभी राहते. अर्ध्या मिनिटात कबुलीजबाब मिळतो.

पुढे या जातीतले बरेचजण खऱ्या फौजदारकीची तयारी करायला पुण्याला खोली घेतात. लोकसेवा आयोगाच्या त्या परीक्षेत पूर्व, मुख्य, शारीरिक चाचणी आणि मुलाखत असे टप्पे असतात. गोळाफेक आणि धावणे असते; साक्षीदाराचा चेहरा वाचण्याला एकही गुण नाही.