रेंजकाका

सोसायटी म्हटली की एक चेअरमन, एक सेक्रेटरी, मेन्टेनन्स थकवणारे चार-पाच जण आणि एक रेंजकाका लागतातच. पहिले दोघे निवडून येतात, थकबाकीदारांना नोटीस जाते. रेंजकाका मात्र स्वयंभू. बँकेतून नाहीतर वीजमंडळातून निवृत्त झालेले, गुडघे शाबूत, आणि स्वतःच्या घरातल्या वायफायमध्ये सुधारण्यासारखं काही न उरलेलं. मग वळायचं कुठे? दुसऱ्यांच्या घराकडे.

"नेट जरा गंडतंय हो," असं तुम्ही लिफ्टमध्ये सहज म्हणता आणि संध्याकाळी बेल वाजते. दारात काका. हातात मोबाइल, खिशात टेस्टर. चपला काढता काढताच पहिला प्रश्न : "डबा कुठाय?"

डबा दारामागे, चपलांच्या स्टँडवर असतो. का? तर केबलवाल्या पोराची वायर तिथे संपली म्हणून. वर वहिनींनी धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल घातलेला. "रुमालाने रेंज अडत नाही," काका तो अदबीने घडी करून परत देतात, "पण डबा तापतो." डब्याची एक दांडी कोणीतरी बेडरूमच्या दिशेने आडवी केलेली असते. "ही काय गोळी झाडणार आहे का? दांडीच्या टोकाकडे रेंज सगळ्यात कमी. उभी ठेवा, आजूबाजूला पसरते."

मग फेरी. तळहातावर नारळ घेऊन शेतात पाणी शोधणाऱ्या पाणाड्यासारखे काका मोबाइल पुढे धरून घरभर फिरतात आणि आकडे पुकारतात. "हॉल, उणे ४५. स्वयंपाकघर, उणे ६०. मागची बेडरूम... उणे ८२!" घरातल्यांना वाटतं, ब्याऐंशी म्हणजे डिस्टिंक्शन. काका समजावतात, की हा उण्याचा हिशेब आहे, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. उणे ६७ च्या खाली घसरलं, की व्हिडिओ कॉलवरचा माणूस तोंड उघडं ठेवून थिजतो.

आपण ज्याला संसार म्हणतो, त्याला काका अडथळे म्हणतात. लग्नातलं लोखंडी कपाट, त्यात पुरुषभर आरसा : लाटा आल्या पावली परत. माशांची टाकी : पाणी लाटा पिऊन टाकतं. मधलं बाथरूम, टाइल्स आणि नळांसकट. आरसीसीच्या भिंतीतल्या सळया तर त्यांना बाहेरूनच दिसतात. वहिनींनी मायक्रोवेव्हमध्ये पापड ठेवला आणि त्याच क्षणी आतून चिरंजीव "अरे यार!" म्हणून ओरडले, की काका समाधानाने मान डोलावतात. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि पोराचा गेम २.४ वर. "पाचवर जा. ते पळतं जोरात. भिंत आली की दमतं, ती गोष्ट वेगळी." शिवाय अख्ख्या विंगचे डबे एकाच चॅनेलवर कलकलाट करत असतात. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, हे काका पाढा म्हणावा तसं ऐकवतात.

उपाय सोपा असतो : डबा घराच्या मध्यावर, उंचावर न्यायचा. पण घराच्या मध्यावर नेमकं देवघर असतं. "तिथे माझा बाळकृष्ण आहे," वहिनी म्हणतात, आणि भौतिकशास्त्र तिथेच थांबतं. यजमान हळूच रिपीटर दाखवतात. तो त्यांनी मागच्या बेडरूममध्येच लावलेला असतो. "जिथे रेंजच नाही, तिथे हा रिपीट काय करणार? अर्ध्या वाटेवर लावा. आणि हा एकाच तोंडाने ऐकतो नि बोलतो, म्हणजे वेग निम्मा." मग मेश. मेशची किंमत ऐकली की यजमान "चहा घेणार ना?" असं विचारतात. चहाबरोबर काका खरं औषध सांगतात : कॅट सिक्स केबल. शंभर मीटरपर्यंत बघायला नको. रविवारी येऊन ते स्वतः ती भिंतीच्या कडेकडेने, बोटभर अंतरावर क्लिपा ठोकत बेडरूमपर्यंत नेतात आणि टोकाला तोच रिपीटर जोडतात. पैसे घेत नाहीत. चहा दोनदा घेतात.

काकांना एकच गोष्ट कळत नाही : काही रोग्यांना बरं व्हायचंच नसतं. मागच्या बेडरूममधल्या मुलाला रात्री नऊ वाजता साहेबाचा कॉल टाळायला "रेंज नव्हती, सर" एवढं पुरत होतं. सुनेलाही नणंदेचा व्हिडिओ कॉल नेमका तिथेच 'कट' करता येत होता. आता तिथे उणे ४८ येते आणि नणंद अर्धा तास हलत नाही. "काका, एवढी गरज नव्हती," मुलगा लिफ्टमध्ये काकुळतीने म्हणतो. काकांना तो विनय वाटतो.

काकांच्या स्वतःच्या घरात तर बाथरूमपासून माळ्यापर्यंत रेंज आहे. काकू रोज संध्याकाळी तळघरातल्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. तिथे कसलीच रेंज येत नाही. काकांनी अर्थातच ती मोजली, आणि वार्षिक सभेत पार्किंगमध्येही वायफाय बसवण्याचा ठराव आणला. पाण्याच्या टँकरवरही कधी एकमत न झालेल्या आमच्या सोसायटीने तो एकमताने फेटाळला. विरोधात पहिला हात काकूंचा होता. फ्लॅट त्यांच्या नावावर असल्याने मत ग्राह्य धरण्यात आलं.