टेकू

माझ्या स्कूटरला चार चाकं आहेत. दोन कंपनीने दिलेली, दोन मी नगरला जाऊन मागे लावून घेतलेली. दोन वर्षांचा असताना पोलिओने डावा पाय नेला. म्हणजे पाय जागेवर आहे, पण तो फक्त माझ्याबरोबर येतो, मला कुठे नेत नाही. अपंगत्वाच्या कार्डावर 65 टक्के, पिवळा पट्टा. 2016 च्या कायद्यानंतर सरकारदरबारी मी दिव्यांग झालो. आमच्या घोडेगावात ती बातमी अजून पोचायची आहे. मीही मनावर घेत नाही. हायवेवरच्या टपरीत कोणी "आज कशावर आलास?" विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं: "बाहेर फोर व्हीलर उभी आहे की!" गेली बारा वर्षं हा विनोद मी चालवतो आहे. कोणी हसत नाही, हा भाग वेगळा.

तर या विनोदाने माझं घरकुल खाल्लं.

सध्याचं घर वडिलांनी बांधलेलं. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर वाऱ्यासाठी दगड. रस्त्याकडच्या भिंतीला तेवढा सिमेंटचा गिलावा. मागची भिंत एका पावसाळ्यात अर्धी बसली, तिथे निळी ताडपत्री बांधली आहे. शनिशिंगणापूर आमच्यापासून पाच-सहा किलोमीटरवर. तिथे घरांना दारं नसतात म्हणून लोक लांबून बघायला येतात. मला मागची भिंतच नाही, पण त्याचं कोणाला कौतुक नाही.

2018 साली प्रधानमंत्री आवास योजनेच्या नव्या यादीसाठी पाहणी झाली. तेव्हा नियम कडक होते. बाद करायला तेरा निकष, आणि दुचाकी असली की माणूस बाद. फ्रिज असला तरी बाद, घरात तारेचा फोन असला तरी बाद. विचारणाऱ्या पोराने "दुचाकी आहे?" म्हटलं, तर मी छाती काढून "आहे की, स्वतःच्या पैशाची!" असं सांगून त्याला चहा पाजला. स्वतःच्या पैशाची हे त्याने विचारलंच नव्हतं.

पुढच्या पाहणीच्या वेळी तेराचे दहा निकष झाले. दुचाकी, फ्रिज, फोन सुटले. मासेमारीची यांत्रिक होडीही सुटली. घोडेगावच्या म्हशीबाजारात तिची फारशी अडचण नव्हतीच. महिन्याच्या कमाईची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजारांवर गेली. मी कांद्याच्या आडतीवर पट्ट्या लिहितो, त्यामुळे या मर्यादेची मला कधीच भीती वाटलेली नाही. घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये, वर शौचालयाचे 12 हजार, राज्याने 2025 मध्ये जाहीर केलेले आणखी 50 हजार, आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. मजुरी म्हणजे आपल्या घराचा पाया आपणच खणायचा. एका पायावर तो किती खोल जाईल, याचा मी अंदाज बांधून ठेवला होता.

या वेळी मोबाइलवरून स्वतःची पाहणी स्वतः करायची सोयही होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पंचायतीतल्या पोराला बोलाव, त्यो भरून दील." मी म्हटलं, "मला काय हात नाहीत?" हे वाक्य मी लहानपणापासून म्हणत आलोय. शाळेत दप्तर घ्यायला कोणी पुढे आलं की हेच, बसमध्ये कोणी जागा दिली की हेच.

घराचा फोटो लागणार होता. फोटो दिल्लीपर्यंत जाणार, म्हणून आदल्या दिवशी मी पुढच्या भिंतीला चुना मारला. तुळशीची कुंडी मधोमध आणली, दोरीवरची बनियनं काढली, उंबऱ्यापुढे रांगोळी घातली. कुबडी दाराआड ठेवली. फोटो असा आला की निवृत्त मास्तरांची बंगली वाटावी. काकूंनी कुंपणावरून मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. "आरं बाबा, ह्ये बघून त्ये घर द्यायचे न्हाईत, तुझ्याकडंच भाड्यानं मागत्याल."

मग चेहऱ्याची ओळख. डोळे मिचकावा, म्हणे. मी मिचकावले की फोन हलायचा, फोन धरला की डोळे गच्च मिटायचे. कुटुंबात सदस्य किती? एक. कुटुंबप्रमुख? मीच. कमावते? मीच. या घरात माझ्याविरुद्ध बोलायलाही कोणी नाही. अशा रीतीने सगळ्या पदांवर बिनविरोध निवडून येत मी पुढे सरकलो, आणि प्रश्न आला: तीनचाकी किंवा चारचाकी मोटार वाहन आहे का?

हा निकष उठलेला नव्हता. पण बारा वर्षांची सवय ती. बोट आपसूक 'होय'वर गेलं. फॉर्म पाठवून झाला, फोन खिशात गेला, चहाला कपभर पाणी ठेवलं, आणि आधण येताना माझ्या पोटात गोळा आला. एकच स्कूटर. 2018 मध्ये ती दुचाकी म्हणून नडली, आता चारचाकी म्हणून.

मग पुरावा तयार करायचं डोक्यात आलं. जोडचाकं काढली की स्कूटर दोन चाकांची, तिच्यावर मी बसलेला, असा स्वच्छ फोटो. वार निवडला शुक्रवार, म्हणजे ऐन म्हशींच्या बाजाराचा. मेकॅनिकने बोल्ट काढले, मी बसलो, त्याने मागून गाडी धरली. पण फोटोत त्याचे हात दिसायला लागले. मी म्हणालो, "सोड." तो म्हणाला, "सोडू?" मी म्हणालो, "अरे सोड, मला काय..."

वाक्य जमिनीवर पूर्ण झालं. माणसं धावली. त्यांनी आधी स्कूटर उचलली. शेजारी एक व्यापारी म्हशीचे दात बघत होता. ते सोडून तो आला, मला आणि स्कूटरला एका नजरेत न्याहाळलं आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाला, "मागच्या पायात कच्चं हाय, पण गरीब हाय." चारचौघांत मला पहिल्यांदाच कोणी गरीब म्हणालं, आणि नेमकं तिथे नोंद घ्यायला कोणी नव्हतं.

पुढे पडताळणीला एकजण येणार असं कळलं. काकूंनी तालीम घेतली. "बाजारात म्हशीच्या शिंगाला त्याल लावत्यात. तुला हितं उलटं करायचंय. काय इचारलं तर म्हनायचं, जमत न्हाई." मी आरशासमोर दहा वेळा "जमत नाही" म्हणून पाहिलं. अकराव्या वेळी जमलं.

माणूस आला, सभ्य होता. मी उभा राहिलो, या बसा म्हटलं, कुबडी न घेता भिंतीला धरून पाणी आणलं आणि अर्धंच सांडलं. त्याने विचारलं, "एकटेच राहता, अडचण काय येते?"

"काही नाही," मी म्हणालो. "सगळं व्यवस्थित आहे."

"खोटं बोलतंय त्ये!" ताडपत्रीच्या पलीकडून आवाज आला. पाठोपाठ ताडपत्री वर झाली आणि जिथे भिंत असायला हवी होती तिथून काकू आत आल्या. तो माणूस काकूंकडे, मग त्या भगदाडाकडे बघत राहिला. मग त्याने मोबाइल काढला आणि फोटो घेतला. बाहेर जाताना तो स्कूटरपाशी थांबला, वाकून मागची दोन छोटी चाकं त्याने हलवून बघितली. पुढे काय लिहिलं, ते मला दिसलं नाही.

यादी अजून यायची आहे. परवा टपरीत कोणीतरी म्हणालं, "काय, फोर व्हीलर आणलीस का?"

"दोनच चाकं आहेत," मी म्हणालो. "बाकीचे दोन टेकू."

सगळी टपरी हसली.